लेस्टरमधलं रिकामं टेबल

“बाबांनी फुली कुठे मारली, हे अमितला कळता कामा नये,” गौरीताई म्हणाली.

मला नव्हे, फोनवर, लेस्टरच्या तिच्या सासूबाईंना. अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या तिच्या इमारतीच्या तळघरात सायकली ठेवायची एक खोली आहे. मी माझ्यासाठी शेजारणीकडून मागून आणलेली सायकल आत ठेवायला गेले होते. दार अर्धवट उघडं होतं आणि ताई आत, सायकलींच्या दोन रांगांमध्ये उभी राहून, हलक्या आवाजात बोलत होती. “हो आई, मी तेच म्हणतेय. एक वेळ तो पासपोर्ट सोडेल, पण हे कळलं तर बापालाही सोडेल. तुम्ही त्यांना नीट सांगून पाठवा.”

मी सायकल उचलून चार पावलं मागे गेले आणि मग मुद्दाम घंटी वाजवत आले. ताई बाहेर आली, “आलीस? जमली का गं सायकल?” म्हणाली. मी म्हटलं, जमली. जमली नव्हती. सकाळीच मी कालवा बघत सायकलींच्या लाल रस्त्यावर मधोमध उभी राहिले होते आणि सत्तरीच्या एका आजीबाईंनी ब्रेक दाबून मला स्वच्छ इंग्रजीत सुनावलं होतं, “हे संग्रहालय नाही.” हॉलंडमध्ये लोक असं तोंडावर बोलतात. तीन दिवसांत मला त्याचा तिसरा धक्का बसला होता.

पण तळघरातला धक्का वेगळा होता.

गौरीताई माझी मावसबहीण. तिचे यजमान, अमितजिजू, इंग्लंडमध्ये लेस्टरला वाढलेले, जन्माने ब्रिटिश. लायडनच्या सायन्स पार्कमधल्या एका प्रयोगशाळेत त्यांना नोकरी मिळाली, तेव्हा ब्रिटिश माणसाला इथे येऊन राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ताईचा इथला परवानाही त्यांच्याच पासपोर्टला टाचलेला. मग इंग्लंडात लोकांना विचारण्यात आलं, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, आणि थोड्याशा फरकाने लोक म्हणाले, बाहेर. त्याला तीन वर्षं होत आली होती. मी गेले तो २०१९चा मार्च. महिनाअखेरीला बाहेर पडायची तारीख, आणि लंडनच्या संसदेचं अजून ठरत नव्हतं की कसं. इथल्या सरकारचं पत्र ताईने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं होतं. त्याचा अर्थ एवढाच होता, की सध्या राहा, पुढचं पुढे बघू.

आणि ज्यांच्या फुलीबद्दल ताई बोलत होती, ते जिजूंचे बाबा, आमचे काका. मूळ इस्लामपूरचे. लेस्टरमध्ये आयुष्यभर बस चालवली. ते उद्या येणार होते.

मंगळवार

काका विमानाने येत नाहीत. रात्रीच्या बोटीत बसतात आणि सकाळी हुक नावाच्या बंदरात उतरतात. “बस चालवलेला माणूस मी. खालून काही सरकल्याशिवाय प्रवास झाला असं वाटत नाही,” असं त्यांचं म्हणणं. जिजू गाडी घेऊन त्यांना आणायला गेले. काका आले ते एक बॅग कपड्यांची आणि एक बॅग खाण्याची घेऊन. लसणाची चटणी, चिवडा आणि चहाच्या पुड्यांचे चार डबे.

“बाबा, इथे मिळतो चहा,” ताई म्हणाली.

“मिळतो की. पण कडक मिळत नाही.”

“पुढच्या वेळी बोटीवरच काढून घेतील,” जिजू म्हणाले. त्यांचं मराठी घरगुती आहे, राग आला की वाक्याचं शेपूट इंग्रजीत जातं. “आणि मग थँक युवर नेबर्स, बाबा. त्यांनीच व्होट केलंय.”

काकांनी चहाचे डबे कपाटात एकावर एक लावायला घेतले. लावून झाल्यावर पुन्हा काढले आणि पुन्हा लावले. मी बघत होते. ताई माझ्याकडे बघत होती.

दुपारी शेजारीण मारियान आली, मला दिलेल्या सायकलची दुसरी किल्ली द्यायला. इथे खिडक्यांना पडदे नसतात, निदान ओढलेले नसतात. रस्त्याने जाताना लोकांची बैठकीची खोली, त्यांचा दिवा, त्यांचं मांजर सगळं दिसतं. मलाच लाज वाटून मी जमिनीकडे बघत चालायचे. ताईने मात्र पुण्याहून जाड पडदे आणून लावलेत. मारियानने पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, “यांच्याकडे कुणी आजारी आहे का? पडदे कायम बंद.” आता तिने काकांशी हात मिळवला, लेस्टरहून आलात का विचारलं आणि त्याच दमात म्हणाली, “मग तुम्ही कुठल्या बाजूने मत दिलंत?”

आपल्याकडे हा प्रश्न सख्खा भाऊ भावाला विचारत नाही. काका म्हणाले, “मत गुप्त असतं, मॅडम.”

“हो, पण तुम्हाला तर माहीत असेल ना,” मारियान म्हणाली.

जिजू हसले. “बाबांना काय विचारतेस? त्यांचा मुलगा इथे राहतो.”

मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि पाणी न आणता तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी सहाला जेवण. इथल्या वेळेला ताईचं घर सरावलंय. दुपारी मात्र सगळेजण गार पाव खातात, मोठी माणसंसुद्धा त्यावर चॉकलेटचे दाणे भुरभुरवून. जेवणानंतर टीव्हीवर लंडनची संसद. मी ती प्रथमच एवढा वेळ बघितली. हिरवे बाक, माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, जागा नाही म्हणून काही पायऱ्यांवर, आणि अध्यक्ष घसा फाडून शांत राहा, शांत राहा म्हणतायत. मतदान म्हणजे हात वर करणं नाही. सगळे उठतात आणि होकाराच्या किंवा नकाराच्या वाटेने चालत जातात, तिथे त्यांची डोकी मोजतात. कोण कुठून गेलं ते सगळ्या देशाला कळतं. त्या दिवशी युरोपशी केलेला करार त्यांनी पुन्हा एकदा मोठ्या फरकाने नाकारला.

“त्यांना काय पाहिजे तेच त्यांना माहीत नाही,” जिजू म्हणाले. “ज्यांनी हे केलं ना, त्यातला एक माणूस मला समोर बसलेला पाहिजे. फक्त एक. व्हाय, एवढंच विचारणार. आणि मग त्याचं तोंड पुन्हा बघणार नाही.”

काका त्यांच्यासमोरच बसले होते. चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत.

मग जिजूंनी सांगितलं, की शुक्रवारी सकाळी त्यांची खेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, वेळ ठरली आहे. डच नागरिकत्वाचा अर्ज. तो मंजूर झाला, की ब्रिटिश पासपोर्ट परत करायचा. काका म्हणाले, “तो पासपोर्ट तुला जन्मतः मिळावा म्हणून मी त्या थंडीत गेलो होतो, लेका.” जिजू म्हणाले, “मला सांगू नका. त्या लोकांना सांगा.”

ईरा, ताईची सात वर्षांची मुलगी, हे सगळं बघत होती. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये येतं. त्या आठवड्यात तिच्याकडे एक पाहुणा होता, ब्रॅम. ब्रॅम म्हणजे वर्गाचं कापडी अस्वल. ते एकेका मुलाकडे मुक्कामाला जातं आणि त्याने काय काय पाहिलं ते वहीत लिहायचं असतं. शाळेत रोज सकाळी मुलं गोल करून बसतात. ज्याच्या हातात ब्रॅम, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. हाच नियम ईराने घरी लावला होता. रोज झोपायच्या आधी एक फेरी. मी पहिल्या दिवसापासून ब्रॅम हातात आला, की “माझं काही नाही” म्हणून पुढे सरकवत होते. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे लोकांना वाटतं मला बोलता येतं. मला दोन भाषांत गप्प बसता येतं, एवढंच.

“मधुरामावशी, यू ऑलवेज स्किप,” ईरा म्हणाली. आणि वहीत लिहिलं, ताईने मला अर्थ सांगितला, “आज ब्रॅमने टीव्हीवर ओरडणारी माणसं पाहिली.”

लायडन, बुधवार

ताई आणि जिजू कामावर, ईरा शाळेत. रिकामे आम्ही दोघंच. काका म्हणाले, “चल, तुला अमितचं गाव दाखवतो. तो राबतो तिथे, मी हिंडतो.” बसने विमानतळ, तिथून आगगाडी. बाहेर सपाट हिरवी जमीन, पाण्याच्या सरळ रेघा आणि इतका वारा, की कालव्यातली बदकं एका जागी पोहत होती.

लायडनला बुधवारी कालव्याच्या दोन्ही काठांवर बाजार भरतो. चीजची चाकं, ट्यूलिपच्या जुड्या, गरम मधाळ वेफर. काकांनी तळलेले माशाचे तुकडे घेतले, मी बटाट्याचे काप. आम्ही पुलापाशी बाकावर बसलो आणि पहिलाच तुकडा काकांनी तोंडाजवळ नेला, तेवढ्यात वरून एक पांढराशुभ्र पक्षी आला आणि बोटांतून तुकडा घेऊन गेला. मी दचकले. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, “हा कुठल्या देशाचा म्हणायचा?” पुढे बराच वेळ ते कागदाच्या द्रोणावर हात धरून बसले, आणि मग एकदम म्हणाले, “तू ऐकलंस ना काल, अमित काय म्हणाला ते?”

मी मान हलवली.

“तो एक माणूस मीच आहे. फुली मीच मारलीय, बाहेर पडायला. गौरीला माहीत आहे. तुला सांगतो, कारण ते टेबल तुमचं होतं.”

मला कुठलं टेबल ते कळेना.

“लग्नातलं. लेस्टरच्या हॉलमधलं. पाच नंबरचं टेबल, चार खुर्च्या. तुझे आईबाबा, तू आणि तुझा भाऊ. कार्डांवर नावं मी स्वतः लिहिली होती, बरं का. आणि आठ दिवस आधी फोन आला, की व्हिसा नाकारला. हॉलवाला विचारतो, टेबल काढू का? म्हटलं, राहू दे.” ते पाण्याकडे बघत होते. “लोक येऊन विचारायचे, ही कुठली मंडळी? मी सांगायचो, माझ्या सुनेची मावशी. मी पत्र लिहिलं होतं त्या ऑफिसला. इतकी वर्षं बस चालवली, एक तक्रार नाही, ही माणसं माझी जबाबदारी. माझ्या शब्दाला किंमत नाही. आणि त्याच आठवड्यात आमच्या डेपोत एक पोरगा नवा आला, युरोपातला. पिशवी घेऊन आला, उतरला, कामाला लागला. चांगला पोरगा होता. पण माझ्या मनात ते बसलं.”

मी हातातले काप खाली-वर करत राहिले.

“मग मतदानाच्या वेळी आमच्या मंडळात एकजण भाषण करून गेला. त्यांचं दार बंद झालं, की आपल्या माणसांना उघडेल. मी पेन्सिल हातात घेतली तेव्हा मला ते टेबल दिसलं. मारली फुली.”

“आणि जिजू?” मी विचारलं.

“तेच तर. अमित काय परका आहे? तो घरचा. दुसऱ्या देशात जाऊन राहिलेल्यांत त्यालाही धरायचं, हे डोक्यातच आलं नाही बघ.”

बाजारात कुणीतरी माशांचा भाव ओरडत होतं. माझ्या हातातले काप गार झाले होते. मी म्हटलं, “वारा फार आहे, नाही?” काका म्हणाले, “आहे खरा,” आणि आम्ही उठलो.

जे मी त्या बाकावर सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते. आमचे व्हिसाचे फॉर्म मी भरले होते. मी सतरा वर्षांची होते. आईबाबा मराठी शाळेतले, त्यामुळे आमच्या घरी बँकेचं, विम्याचं, गॅसचं कुठलंही इंग्रजी कागदपत्र माझ्यासमोर यायचं. इंग्लंडमध्ये तुमचे कुणी नातेवाईक आहेत का, असा एक प्रश्न होता. मी विचार केला, ताईचं लग्न अजून व्हायचंय. लग्न झालं नाही म्हणजे नातं झालं नाही. पेपरात उत्तर लिहावं तितक्या काळजीने मी चौघांच्याही फॉर्मवर ‘नाही’ निवडलं. काकांनी त्यांच्या पत्रात लिहिलं होतं, ‘हे माझं कुटुंब आहे.’ ताईच्या आईबाबांचे फॉर्म ताईने भरले, त्यांना व्हिसा मिळाला.

नकाराचं पत्र आलं ते मीच वाचलं. त्यात स्पष्ट होतं, की अर्जातली माहिती आणि सोबतचं पत्र जुळत नाही, म्हणून विश्वास ठेवता येत नाही. बाबांनी विचारलं, “काय म्हणतायत?” मी म्हटलं, “कारण दिलेलं नाही. हल्ली सगळ्यांनाच नाकारतात.” बाबांनी इंग्रजांना शिव्या घातल्या. आईने नवी साडी कपाटात ठेवली. मला वाटलं, संपलं.

ते लेस्टरला एका टेबलावर जाऊन बसलं होतं.

गुरुवार

आदल्या संध्याकाळी संसदेने कराराशिवाय बाहेर पडायलाही नकार दिला होता. म्हणजे करार नको, आणि करार नसणंही नको. गुरुवारी त्यांनी तिसरी गोष्ट ठरवली, की युरोपकडून आणखी वेळ मागून घ्यायचा. मी हे सगळं जेवताना बघत होते आणि मला ओळखीचं वाटत होतं. आमच्या घरी मत कधी घेत नाहीत. आवडत नसलेला विषय निघाला, की बाबा “बघू” म्हणतात आणि तो विषय कपाटात जातो. मला वाटायचं ही फक्त आपली पद्धत.

ताईने भात वाढला. काका आल्यापासून ती रोज त्यांच्या आवडीचं करत होती, आज वांग्याचं भरीत. जिजूंची फाइल टेबलाच्या कडेला तयार होती, उद्यासाठी. पासपोर्ट वर ठेवलेला.

“मोअर टाइम,” जिजू म्हणाले. “तीन वर्षं कमी पडली.”

ईराने रिमोट घेऊन आवाज बंद केला. पडद्यावर माणसं तोंडं उघडून ओरडत राहिली. “क्रिंग,” ती म्हणाली. म्हणजे गोल. तिने ब्रॅम आधी स्वतः घेतला आणि शाळेत पडलेल्या दाताबद्दल सांगितलं. मग जिजूंना दिला.

“मी उद्या अर्ज देणार,” जिजू म्हणाले. “मला राग आहे, पण अर्ज रागाने नाही देत. मला इथे राहायचंय. दॅट्स ऑल.”

ताईकडे ब्रॅम आला. “मी दमले,” ती म्हणाली. मग म्हणाली, “सगळ्यांना सांभाळून दमले,” आणि सासऱ्यांकडे न बघता तो पुढे दिला.

काकांनी अस्वल दोन्ही हातांत धरलं, स्टिअरिंग धरावं तसं.

“अमित, तुला एक माणूस समोर पाहिजे होता ना?” ते म्हणाले. “हा बसलाय.”

जिजूंना आधी कळलंच नाही. कळलं ते त्यांच्या हाताला, हातातला ग्लास त्यांनी फार हळू खाली ठेवला. “व्हाय?”

“पपा, इट्स नॉट युअर टर्न,” ईरा म्हणाली.

काकांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, पण कमी शब्दांत. पत्र. हॉल. पाच नंबरचं टेबल. बोलताना त्यांनी एकदा माझ्याकडे हात केला. “ही मंडळी. यांना आणता आलं नाही मला.”

“टेबल,” जिजू म्हणाले. “एका टेबलासाठी. बाबा, माझं घर आहे इथे. ईराची शाळा आहे.” ते उठले. आवाज चढला नव्हता, त्यानेच मला जास्त भीती वाटली. “मी परवा इथे बसून बोललो, आणि तुम्ही चिवडा खात होता.” ताई म्हणाली, “अमित, बस.” त्यांनी विचारलं, “तुला माहीत होतं?” ताईने भाताचं भांडं झाकलं. ते दाराकडे गेले आणि खुंटीवरून कोट काढला. काका म्हातारे दिसत होते, बोटीतून उतरले तेव्हापेक्षा कितीतरी जास्त.

काकांनी ब्रॅम माझ्या मांडीवर ठेवला. सवयीने माझे हात तो ईराकडे सरकवायला निघाले. ईराने तिचे हात पाठीमागे लपवले.

तीन संध्याकाळी मी सहाशे माणसांना उठून आपापल्या वाटेने चालत जाताना बघितलं होतं, सगळ्या देशासमोर. मला तर जागेवरून हलावंही लागणार नव्हतं. जिजूंचा एक हात कोटाच्या बाहीत होता. ते निघून गेले असते, तर बोलण्यातून मी पुन्हा सुटले असते.

“जिजू, जाऊ नका. हे तुमच्यासाठीही आहे,” मी म्हटलं. ते थांबले, बहुतेक मी बोलले म्हणूनच. मग मी काकांकडे वळले.

“काका, तुम्ही पत्रात लिहिलं होतंत, हे माझं कुटुंब आहे. आणि फॉर्मवर, इंग्लंडमध्ये आमचं कुणी नाही, असं मी लिहिलं होतं. तुमच्या शब्दाला किंमत नव्हती असं नाही. तो मी खोटा पाडला, आणि नकाराचं कारण आजपर्यंत कुणालाच वाचून दाखवलं नाही.”